मीठ-मिरपुडीचे वेगळे पैसे

मंडळी, या शनिवारी जरा लांबची सफर करू. पार इंग्लंडपर्यंत. पण विषय अगदी घरातला आहे.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ब्लॅकपूल नावाच्या गावी समुद्रकिनारी सुट्टीला गेलेल्या गिरणी कामगाराच्या हातात निघायच्या दिवशी बिल पडायचं. त्यात खोलीचं भाडं असायचं, ते ठीक. स्वयंपाक करून दिल्याचे पैसे, तेही ठीक. पण खाली आणखी एक ओळ असायची : 'क्रूएट'. क्रूएट म्हणजे जेवणाच्या टेबलावर मीठ, मिरपूड, मोहरी आणि व्हिनेगर ठेवायचा छोटासा स्टँड. तुम्ही उकडलेल्या अंड्यावर मीठ भुरभुरवलंत ना? मग त्याचे पैसे वेगळे! आज ऑनलाइन खोली बुक करताना शेवटच्या पानावर अचानक 'क्लीनिंग फी' उगवते आणि आपण चरफडतो. ही क्रूएटची ओळ म्हणजे तिची पणजी.

हे बिल लावणारी बाई म्हणजे ब्लॅकपूलची लँडलेडी. इंग्रजी विनोदात तिला अजरामर स्थान आहे. म्युझिक हॉलमधल्या नकलाकारांनी आणि विनोदी पोस्टकार्डवाल्यांनी तिच्यावर पिढ्यानपिढ्या पोट भरलं. कजाग, कंजूष, भिंतभर नियम लावणारी. रात्री अकराला दार बंद. नाश्ता झाला की बाहेर पडायचं, पाऊस असला तरी. पुणेरी पाट्यांवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही बाई परकी वाटायचं काही कारण नाही :-)

पण विनोद बाजूला ठेवून बघितलं तर या बायकांनी एक भलतंच अवघड काम करून दाखवलं होतं. आपलं राहतं घर, अनोळखी माणसांना, दिवसांच्या हिशोबाने भाड्याने देणं. आपल्याला वाटतं हा शोध मोबाइलच्या अ‍ॅपने लावला. ब्लॅकपूलमध्ये हजारो बायका हे राणीच्या काळापासून करत होत्या, आणि एक अख्खं शहर त्यावर जगत होतं. त्यांची गोष्ट नीट समजली की आजच्या धंद्यात काय नवं आहे आणि काय हरवलंय, तेही समजतं. म्हणून हा प्रपंच.

तर ब्लॅकपूल. इंग्लंडच्या वायव्येला, लँकेशायर परगण्यात, आयरिश समुद्राच्या काठावर. १८०१ च्या जनगणनेत इथे पाचशेसुद्धा माणसं नव्हती. १८५१ साली अडीच हजारांच्या आसपास. आणि १९०१ साली सुमारे ४७ हजार! मधे झालं काय? तर १८४६ साली आगगाडी आली. त्याआधी समुद्रस्नान ही श्रीमंतांची चैन होती, डॉक्टरने लिहून दिलेली. आगगाडीने ती कामगाराच्या खिशात आणली. मग १८६३ साली पहिला धक्का बांधला (बोटींसाठी कमी, फिरायला जास्त), १८७९ साली रस्त्यावर विजेचे दिवे लागले, १८८५ साली विजेवरची ट्राम सुरू झाली, आणि १८९४ साली आयफेल टॉवरची धाकटी बहीण शोभेल असा ५१८ फुटी मनोरा उभा राहिला.

या सगळ्याचे पैसे आले कुठून? कापसातून. लँकेशायर म्हणजे त्या काळी जगाचं कापड विणणारा परगणा. ओल्डहॅम, बोल्टन, ब्लॅकबर्न, बर्नली ही सगळी गिरण्यांची गावं. आणि इथे मुंबईचा धागा येतो, ओढूनताणून नाही, खराखुरा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला, लँकेशायरचे कामगार उपाशी मरायला लागले आणि मुंबईचे कापूस व्यापारी एका रात्रीत कुबेर झाले. मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली उभी केली, आणि पुढे मुंबईतल्या कित्येक गिरण्यांमधली यंत्रं ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीतून आली. म्हणजे परळचा कामगार आणि ओल्डहॅमचा कामगार एकाच जातीच्या यंत्रासमोर उभे होते. दोघांच्या कानात तोच खडखडाट, दोघांच्या छातीत तीच कापसाची धूळ.

फरक पडायचा तो सुट्टीत. परळचा माणूस शिमग्याला किंवा गणपतीला बोटीत बसून कोकणात जायचा. तिथे त्याचं घर असायचं, म्हातारी आई असायची, चार गुंठे का होईना जमीन असायची. ओल्डहॅमच्या माणसाला असं गावच उरलं नव्हतं. दोन-तीन पिढ्या गिरणीच्या सावलीतल्या विटांच्या घरात गेल्या होत्या. त्याने सुट्टीत जायचं कुठे? ज्याचं गाव सुटलं त्याला आठवड्यापुरतं गाव विकत घ्यावं लागलं. त्या विकतच्या गावाचं नाव ब्लॅकपूल.

लँकेशायरमध्ये 'वेक्स वीक' नावाची एक प्रथा होती. मूळची ती गावच्या चर्चची जत्रा. गिरण्या आल्यावर तिचं रूपांतर वार्षिक सुट्टीत झालं. त्या आठवड्यात गावातल्या झाडून सगळ्या गिरण्या बंद, दुकानं बंद, गाव ओस. गंमत अशी की प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा. हे गाव जूनमध्ये, ते जुलैमध्ये, तिसरं ऑगस्टच्या अखेरीस. त्यामुळे ब्लॅकपूलमध्ये एकदम सगळा परगणा कोसळायचा नाही, पाळीपाळीने यायचा. याला आमच्या धंद्यात लोड बॅलन्सिंग म्हणतात. फक्त इथे ते कुणी डिझाइन केलं नव्हतं, जुन्या देवाधर्माच्या पंचांगातून आपसूक झालं होतं.

आणि ही सुट्टी बिनपगारी असायची बरं का. भरपगारी सुट्टीचा कायदा इंग्लंडमध्ये १९३८ साली आला. त्याआधी कामगार वर्षभर आठवड्याला थोडे थोडे पैसे सुट्टीच्या भिशीत टाकायचे. गिरणीत, दारूच्या गुत्त्यात, चर्चमध्ये अशा भिश्या असायच्या. वेक्सच्या आधी त्या फुटायच्या आणि मग सगळी रक्कम आठवडाभरात उडवायची. लँकेशायरच्या कापड गिरण्यांत बायका-मुलीही कामाला असायच्या, घरात दोन-तीन पगार यायचे, म्हणून हे परवडायचं. खाणीच्या किंवा लोखंडाच्या गावात, जिथे एकटा बाप्या कमावणार, तिथे ही चैन इतक्या लवकर आली नाही.

आता लँडलेडीच्या घरात शिरू.

घर साधारण असं : चाळीसारखी ओळीने जोडलेली विटांची घरं, तीन मजले, पुढे खिडकीचा फुगवटा, आत सात-आठ खोल्या. बऱ्याचदा घर कर्जावर घेतलेलं. घर चालवणारी बाई. कधी विधवा, कधी बिनलग्नाच्या दोघी बहिणी, आणि पुष्कळदा चांगली नवऱ्याची बायको. नवरा दुसरीकडे नोकरीला, आणि त्याच्या पगारावर भागत नाही म्हणून घर हिच्या ताब्यात. १८८२ साली इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीच्या मालमत्तेचा कायदा झाला, त्याआधी लग्न झालेल्या बाईची कमाई आणि मालमत्ता यांवर तिचा हक्क फार तोकडा होता. ज्या काळात बाईला बँक दारात उभं करत नव्हती त्या काळात स्वतःच्या हिमतीवर करता येईल असा हा एक धंदा होता. कारण त्याचं भांडवल म्हणजे राहतं घर आणि दोन हात.

पद्धत अशी. सुरुवातीच्या काळात पाहुणा भाडं द्यायचा ते फक्त पलंगाचं. जेवणाचं सामान त्याचं त्याने आणायचं : मटण, बटाटे, चहा, साखर. काही जण तर सामानाची पेटी घरूनच भरून आणायचे. लँडलेडीने ते रांधून द्यायचं. म्हणजे घरात सहा कुटुंबं असतील तर सहा वेगळी मटणं, सहा वेगळे बटाटे, कपाटात सहा वेगळ्या चहाच्या पुड्या, आणि कुणाची साखर कुणाला गेली की भांडण! स्वयंपाकघर एक, शेगडी एक. वर खोल्यांमध्ये नळ नाहीत, म्हणून गरम पाण्याचे जग तीन मजले चढवायचे आणि घाण पाण्याच्या बादल्या उतरवायच्या. मीठ, मिरपूड, मोहरी मात्र घरची. म्हणून क्रूएटचे पैसे. आता ती ओळ तितकीशी हास्यास्पद वाटत नाही, नाही का? पूर्ण जेवणासकट ठरावीक दराची पद्धत रुळली ती पुढे, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात.

हंगाम कितीसा? जूनपासून सप्टेंबरपर्यंत, आणि त्यातही खरी गर्दी आठ-दहा आठवड्यांची. तेवढ्यात वर्षाचा हप्ता, कोळसा, कर, सगळं काढायचं. त्यामुळे गर्दीच्या दिवसांत घरचे लोक आपल्या खोल्या पाहुण्यांना देऊन खाली स्वयंपाकघरात किंवा परसातल्या खोपटात झोपायचे. घरमालकीण स्वतःच्या घरात जमिनीवर, आणि तिच्या पलंगावर बर्नलीचा विणकर. शहराने म्हणूनच १९१२ साली किनाऱ्यावर दिव्यांची रोषणाई सुरू केली आणि युद्धाच्या खंडानंतर १९२५ पासून परत चालू केली. हेतू सरळ होता : थंडी पडायला लागली तरी माणसं यावीत, हंगाम चार आठवडे लांबावा. ती रोषणाई आजही होते.

इथे मूळ प्रश्न येतो. ही बाई रात्री दार उघडून अनोळखी माणसांना आत घ्यायची, त्यांच्या भरवशावर आपली पोरं घरात ठेवायची. ना ओळखपत्राची झेरॉक्स, ना ऑनलाइन रिव्ह्यू, ना क्रेडिट कार्डवर अडकवलेली रक्कम. विश्वास कुठून यायचा?

उत्तर : गावातून. बऱ्याच लँडलेडी मूळच्या त्याच गिरणगावांतून आलेल्या. ओल्डहॅमहून आलेल्या बाईकडे ओल्डहॅमचे लोक उतरायचे. यंदा आलेलं कुटुंब निघतानाच पुढच्या वर्षीच्या त्याच आठवड्याची खोली सांगून जायचं, आणि शेजाऱ्यालाही घेऊन यायचं. एकाच गल्लीतली पाच कुटुंबं ब्लॅकपूलमध्येही एकाच घरात. पाहुण्याने चादर फाडली किंवा पैसे बुडवले तर त्याची बातमी त्याच्या आधी त्याच्या गल्लीत पोचणार. लँडलेडीने शिळं वाढलं तर पुढच्या वर्षी अख्खी गल्ली गायब. रेटिंग होतंच की. फक्त ते सर्व्हरवर नव्हतं, गिरणीच्या फाटकावर उभं राहून तोंडी दिलं जायचं.

हे आपल्याला अनोळखी आहे का? मुंबईच्या गिरणगावात गावाच्या मंडळाच्या खोल्या असायच्या. एका गावची माणसं एका खोलीत, पाळ्यांप्रमाणे झोपणारी, ट्रंका भिंतीला लावलेल्या. जेवण एखाद्या खानावळवाल्या बाईकडे, तीही बहुधा आपल्याच मुलखातली, कारण आमटीची चव लागायला हवी. त्या बायकांचे कष्ट आणि ब्लॅकपूलच्या बायकांचे कष्ट सख्खे. त्यांनाही बँका दारात उभं करत नव्हत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून द्यायला सुरुवात केली, तोपर्यंत हा एवढा मोठा धंदा कुणाच्या हिशोबातच नव्हता. घरात बसून बाई जे करते ते काम म्हणून मोजलं जात नाही, हा नियम परळलाही लागू आणि ब्लॅकपूललाही.

पण थांबा. गावातून येणाऱ्या या विश्वासाला एक काळी बाजू आहे, आणि ती सांगितली नाही तर हा लेख म्हणजे नुसतं स्मरणरंजन होईल.

लिअरी कॉन्स्टंटाईन हे नाव क्रिकेटवेड्यांनी ऐकलं असेल. वेस्ट इंडीजचा जबरदस्त अष्टपैलू खेळाडू. १९२९ सालापासून तो लँकेशायरमधल्या नेल्सन या गिरणीगावाच्या क्लबकडून खेळायचा, तिथेच सहकुटुंब राहायचा. नेल्सनच्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. १९४३ साली लॉर्ड्सवर सामना खेळायला तो लंडनला गेला. इंपीरियल हॉटेलात खोल्या आधीच राखून ठेवल्या होत्या. तिथे पोचल्यावर त्याला सांगण्यात आलं की त्याला इथे राहता येणार नाही. कारण त्याचा रंग. कॉन्स्टंटाईन कोर्टात गेला आणि १९४४ साली जिंकला. नुकसानभरपाई मिळाली फक्त पाच गिनी, पण निकाल गाजला.

यातली कायद्याची बाब मला फार महत्त्वाची वाटते. इंग्लंडच्या जुन्या परंपरागत कायद्यानुसार प्रवाशांसाठी उघडलेल्या सराईला (म्हणजे 'इन'ला) वाजवी कारणाशिवाय प्रवासी नाकारता येत नाही. पैसे देऊ शकणारा, धड अवस्थेत आलेला प्रवासी आत घ्यावाच लागतो. कॉन्स्टंटाईन जिंकला तो या जोरावर. पण बोर्डिंग हाऊस म्हणजे सराई नव्हे, ते कुणाचं तरी घर. तिथे कुणाला घ्यायचं ते घरवालीने ठरवायचं. त्यामुळे युद्धानंतर वेस्ट इंडीजमधून, भारतातून, पाकिस्तानातून माणसं इंग्लंडला कामाला गेली तेव्हा घरोघरच्या खिडक्यांत 'काळ्यांना खोली नाही' अशा अर्थाच्या पाट्या लागल्या, आणि त्या बेकायदा नव्हत्या. १९६८ च्या कायद्याने घरांच्या बाबतीतला वंशभेद बेकायदा ठरवला, तरी मालक स्वतः राहत असलेल्या छोट्या घरांना त्यातून सूट ठेवलीच.

म्हणजे बघा, ज्या गोष्टीमुळे लँडलेडीचं घर उबदार होतं ('आपल्यातलाच आहे हो!'), त्याच गोष्टीमुळे ते दुसऱ्यासाठी बंद होतं. पुण्यात किंवा मुंबईत खोली शोधताना भाड्याच्या आधी 'आडनाव काय?' हा प्रश्न ज्यांनी ऐकला आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. ओळखीतून आलेला विश्वास फुकट मिळतो असं वाटतं. त्याची किंमत दाराबाहेर राहिलेला माणूस देत असतो.

असो. ब्लॅकपूलचं पुढे काय झालं?

१९३० च्या दशकात वर्षाला सत्तर लाखांच्या आसपास माणसं तिथे जात होती. १९३९ साली महायुद्ध आलं आणि सरकारने या सगळ्या खोल्यांचा वेगळाच उपयोग शोधला. हवाई दलात भरती झालेल्या सात लाखांहून अधिक पोरांचं प्राथमिक प्रशिक्षण ब्लॅकपूलमध्ये झालं, आणि ही पोरं राहिली लँडलेडींच्या घरी, सरकारने ठरवलेल्या दरात. छावण्या बांधायला वेळच नव्हता, शहर आयतं तयार होतं. विनोदी पोस्टकार्डावरच्या त्या कजाग बाईने युद्धकाळात एक अख्खं हवाई दल जेवू घातलं, हे मात्र पोस्टकार्डवर फारसं आलं नाही.

युद्धानंतर काही वर्षं भरभराटीची गेली. मग एकेक खांब निसटला. १९५० साली व्लादिमीर राइट्झ नावाच्या माणसाने विमानाचं तिकीट, राहणं आणि जेवण एकत्र बांधून कॉर्सिका बेटावर सहल नेली. पुढच्या वीस वर्षांत ओल्डहॅमचा कामगार ब्लॅकपूलऐवजी स्पेनला जाऊ लागला, कारण तिथे ऊन हमखास होतं. दुसरीकडे खुद्द गिरण्याच बंद पडत होत्या. १९५८ साली ब्रिटनने निर्यात केली त्यापेक्षा जास्त सुती कापड आयात केलं, आणि त्यात आपल्याकडचं कापडही होतं. गिरण्या गेल्या तसे वेक्स वीक गेले. गाव एकत्र निघायचं थांबलं आणि गावाच्या जिवावर चालणारा विश्वास संपला. १९७१ साली आगीपासून सुरक्षिततेचा कायदा आला, दारं-जिने बदलण्याचा खर्च छोट्या घरांना झेपेना. पुष्कळ घरं मग एकेका खोलीची, स्वस्त, कायमच्या भाडेकरूंची झाली. बेकार, आजारी, एकटी माणसं तिथे येऊन राहिली. २०१९ सालच्या सरकारी पाहणीत इंग्लंडमधल्या सर्वांत वंचित दहा वस्त्यांपैकी आठ एकट्या ब्लॅकपूलमध्ये होत्या. पाहुण्यांसाठी बांधलेलं शहर पाहुणे गेल्यावर राहणाऱ्यांना पुरं पडत नाही, ते असं. (गिरण्यांच्या बाबतीत परळनेही १९८२ च्या संपानंतर काय पाहिलं ते आपल्याला माहीत आहेच.)

आता उडी मारू २००७ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत. ब्रायन चेस्की आणि जो गेबिया या दोन डिझायनर पोरांना घरभाडं भरायला पैसे कमी पडत होते. शहरात डिझाइनची मोठी परिषद भरली होती, हॉटेलं फुल्ल. यांनी हवा भरायच्या गाद्या जमिनीवर टाकल्या, सकाळच्या नाश्त्याची हमी दिली आणि ८० डॉलरला एक रात्र असं जाहीर केलं. तीन पाहुणे आले, त्यातला एक भारतीय विद्यार्थी होता. पुढे नेथन ब्लेचार्झिक हा इंजिनिअर सामील झाला आणि एअरबीएनबी कंपनी उभी राहिली. नावातली 'एअर' ती हवेच्या गादीवरून, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

इंजिनिअर म्हणून विचाराल तर यात नकाशा, पेमेंट, सर्च हे सगळं दुय्यम. मुख्य गोष्ट एकच : गावाच्या जागी तारे आले. ओल्डहॅमच्या गल्लीचं काम पाच ताऱ्यांचं रेटिंग करू लागलं. आणि ते सोपं नव्हतं. २०११ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्येच एका बाईचं घर पाहुण्यांनी लुटलं, उद्ध्वस्त केलं, तेव्हा कंपनीला ५० हजार डॉलरची हमी जाहीर करावी लागली. पाहुणा आणि यजमान एकमेकांच्या भीतीने खोटं गोड लिहितात हे लक्षात आल्यावर २०१४ मध्ये दोघांचे अभिप्राय एकाच वेळी उघड करायची पद्धत आणली. लँडलेडीची काळी बाजूही सुटली नाहीच. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१५ साली अमेरिकेतल्या पाच शहरांत सुमारे ६,४०० यजमानांकडे खोली मागून पाहिली. नाव काळ्या माणसाचं वाटलं तर होकार मिळायचं प्रमाण सुमारे १६ टक्क्यांनी घटत होतं. २०१८ मध्ये कंपनीने पाहुण्याचा फोटो बुकिंग पक्कं झाल्यावरच दाखवायचं ठरवलं. खिडकीतली पाटी गेली होती, पण मनातली तिथेच होती.

पण खरा बदल याहून मोठा, आणि माझ्या मते त्याच्याकडे लक्ष कमी जातं. लँडलेडी घरात असायची. २००७ साली ती दोन पोरंही घरातच होती, नाश्ता करून देत होती. पुढे मात्र ज्या घरात कुणीच राहत नाही असं घर भाड्याने देणं हा मुख्य धंदा झाला. आमच्या वयाचे मित्र चहा पिताना जो हिशोब मांडतात ('लोणावळ्याला एक टू बीएचके टाकायचा, किल्ली डब्यात ठेवायची, हप्ता आपोआप निघतो') तो याच धंद्याचा. तिथे रात्री दोन वाजता पार्टीचा आवाज झाला तर खाली स्वयंपाकघरात झोपलेली बाई नसते. असते ती शेजारच्या फ्लॅटमधली आजी, जिचा या व्यवहाराशी काही संबंध नाही आणि जिला त्यातला रुपयाही मिळत नाही. घराला तारे देणाऱ्यांमध्येही ती नसते. पाहुणा यजमानाला तोलतो, यजमान पाहुण्याला. शेजारी तोलायला कुणी ठेवलाच नाही.

आणि घरं अशी पाहुण्यांकडे गेली की राहणाऱ्यांना उरत नाहीत. बार्सिलोनाच्या महापौरांनी जून २०२४ मध्ये जाहीर केलं की शहरातल्या पर्यटकांसाठीच्या दहा हजारांवर फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवायचे. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून नोंदणीचा कडक नियम लागू केला. त्याची अट वाचून मला ब्लॅकपूलच आठवलं : तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीला खोली द्यायची असेल तर पाहुणे जास्तीत जास्त दोन, आणि यजमान स्वतः त्याच घरात हजर हवा. म्हणजे कायद्याने सव्वाशे वर्षांनी लँडलेडीला परत बोलावलं! आपल्या केंद्र सरकारने 'बेड अँड ब्रेकफास्ट' योजना आखली तेव्हाही मालकाचं कुटुंब त्याच घरात राहत असलं पाहिजे अशी अट घातली होती. कोकणात 'घरगुती जेवण व राहण्याची सोय' अशी पाटी लावणाऱ्या काकूंना ही अट कुणी सांगावी लागत नाही. त्या ओटीवर बसलेल्याच असतात.

फ्लॅट घेऊ नका असं मी म्हणत नाही. ज्याचे त्याचे हप्ते, ज्याचा त्याचा हिशोब. एवढंच म्हणतोय की अनोळखी माणसाला घरात घ्यायचं तर विश्वासाचं ओझं कुणीतरी उचलावं लागतं. ब्लॅकपूलमध्ये ते त्या बाईने उचललं, आपली झोप, आपली खोली आणि आपली कंबर खर्ची घालून. दाराबाहेर ठेवलेल्या माणसाने त्यातला वाटा न विचारता भरला. आज तारे आणि विमे आहेत, तरी वाटा कुणाच्या तरी अंगावर येतोच. आपण हिशोब मांडताना जिच्या भिंतीला भिंत लागून आपलं घर आहे त्या आजीची एक ओळ त्यात घालायची राहून जाते. त्या कजाग बाईच्या बिलात निदान मिठाचीही ओळ होती.

चू. भू. द्या. घ्या.